वाट आणि वाटा

आमच्या मागच्या दारातून निघून माडांच्या बागेतून चालत गेलं की पाच मिनिटांत समुद्र लागतो. त्या बागेतून एक पायवाट होती. होती म्हणतो, कारण ती मीच बंद केली होती. त्या वाटेची गोष्ट मला नीट समजायला पार अमेरिकेपर्यंत जाऊन यावं लागलं. पण आधी घरचं सांगतो.

आम्ही शेतकरी. मालवण तालुक्यात समुद्राकाठी घर असलं तरी आमच्या घराला होडी कधी नव्हती. भात, नाचणी, थोडे कुळीथ, वीस-पंचवीस माड आणि चार आंब्याची कलमं, एवढाच पसारा. पण भात झोडून झालं की शेतकऱ्याचे हात रिकामे होतात आणि नेमकी तेव्हाच किनाऱ्याला मासळी लागायची. मग पहाटे बाबा मला उठवायचे. "उठ रे झिला, रापण लागली."

रापण म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. लांबच लांब जाळं होडीत घालून आठ-दहा जण निघतात. दोरीचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असतं. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागून दुसरं टोक तिथल्या माणसांकडे देते. मग दोन्हीकडून ओढायचं. तीस-चाळीस माणसं लागतात. पाय वाळूत रुतवून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत दोरी खेचायची. दोन-दोन तास जातात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी जाळ्याचा घोळ पाण्याबाहेर येतो. त्यात तारली असेल, बांगडा असेल, पेडवे असतील, नाहीतर नुसता कचरा आणि चार खेकडेही असतील.

मग वाळूवर वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, रापण संघातल्या प्रत्येकाचा वाटा. आणि जो कोणी दोरीला हात लावील त्यालाही काही ना काही. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माझ्या ओढण्यानं दोरी वीतभरही सरकत नसणार. तरी तांडेल माझ्या पुढ्यात पाच-सहा बांगडे टाकायचा आणि म्हणायचा, "दोरयेक हात लावलंस मां? मगे वाटो तुझो." ते बांगडे माडाच्या झावळीत गुंडाळून मी धावत घरी यायचो. आई कौतुकानं कालवण करायची. माझी पहिली कमाई ती.

एखाद्या दिवशी रावस लागायचा. रावस मात्र वाट्यात यायचा नाही. तो वेगळा काढून लिलावात जायचा, व्यापारी बर्फात घालून न्यायचा. आम्ही बघायचो फक्त. या रावसाला साहेबानं 'इंडियन सामन' असं नाव ठेवलं आणि मुंबईच्या हॉटेलांत अजून तेच चालतं. खऱ्या सामनशी त्याचं नातं काहीच नाही. रावसाच्या छातीखाली दोऱ्यासारख्या मिशा असतात, सामनला त्या नसतात. आणि सामन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत येतो. आमच्या रावसाला असला माहेरचा सोस नाही.

जुनी अकरावी जाऊन दहावी आली, त्या सुरुवातीच्या वर्षांतला मी विद्यार्थी. दहावी झालो आणि शेतीला लागलो. १९८१ साली आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी राज्यानं सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला. होडीला परवाना आला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, ठरावीक वाव खोलीच्या आत, यांत्रिक ट्रॉलरनं येऊ नये असंही ठरलं. म्हणजे कागदावर हा कायदा रापणकराच्या बाजूचा. पण वाव मोजायला रात्री समुद्रात जातो कोण? आम्ही अंगणात निजायचो तेव्हा किनाऱ्यालगत इंजिनांचा आवाज ऐकू यायचा. सकाळी रापण टाकली की जाळ्यात निम्मी मासळी. पुढे पर्ससीनची मोठी जाळी आली. थवाच्या थवा घेरून उचलणारी. किनाऱ्याला यायच्या आधीच मासळी उचलली गेली तर रापणीत काय येणार, वारा? पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघायला २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने आणि परवान्यांची संख्या हळूहळू कमी करायची, असं त्यात होतं. एलईडी दिव्यांवर बंदी २०१७ साली आली. तोवर आमच्या गावच्या तीन रापणींची एक झाली होती.

आता त्या वाटेचं.

रापणीची होडी आणि जाळं आमच्या बागेच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली असायचं. रापणकरांची घरं रस्त्याच्या वरच्या अंगाला. ते आमच्या बागेतून यायचे-जायचे. आजोबांच्या आधीपासून. कोणी परवानगी मागितली नव्हती आणि कोणी दिलीही नव्हती. सातबाऱ्यावर बाबांचं नाव, नंतर माझं. वाटेची नोंद कुठेच नाही. २०१२ साली मी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. तारकर्लीकडे गर्दी वाढली होती, आम्हालाही चार पैसे मिळावेत असं वाटलं. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतंच. पाहुणे यायला लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. पहाटे चारला खिडकीखालून माणसं बोलत जातात. ओल्या जाळ्याचा वास येतो. मी चिऱ्यांचा गडगा घातला, लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप लावलं.

माझ्या पुढ्यात बांगडे टाकणारा तांडेल तेव्हा सत्तरीच्या पुढे गेला होता. तो आला, फाटक बघितलं, कुलूप हातात धरून बघितलं. "तुझी जागा. तू बंद कर नायतर उघडी ठेव. आमी काय बोलतलव?" एवढं बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून ती माणसं देवळाकडून वळसा घालून जायला लागली. जाळं खांद्यावर घेऊन वीस मिनिटांचा वळसा.

वहिवाटीचा हक्क म्हणून ते तहसीलदाराकडे जाऊ शकले असते. इतक्या वर्षांची वाट, त्यांची बाजू पक्की होती. ते गेले नाहीत. मला त्याचं बरंच वाटलं तेव्हा. प्रकरण मिटलं म्हणून मी गप्प राहिलो.

आता अमेरिका. मुलगा सिअॅटलजवळ कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तिथं मला वेळ जाईना. घरामागची हिरवळ कापणं हे काही शेतीत मोडत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा पिंक सामनचं वर्ष आहे, किनाऱ्यावरून गरी टाकायला जाऊया." पिंक सामनचं आयुष्य दोन वर्षांचं, आणि तिकडच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यात तो विषम सालीच झुंडीनं येतो. २०२१, २०२३ असा. सम साली जवळजवळ नाहीच. आमचा एखादा आंबा एका वर्षाआड धरतो तसं, पण इथं सगळी जातच तशी.

जायचं ठरलं तेव्हा पहिलं काम लायसनचं. गरी टाकायला लायसन! मी हसलो. मुलगा हसला नाही. रात्री कॉम्प्युटरवर माझं नाव, पासपोर्ट, उंची, वजन, डोळ्यांचा रंग असं सगळं भरलं. लग्न जमवताना माझी एवढी चौकशी झाली नव्हती. राज्यात राहणाऱ्याला एक दर, बाहेरच्याला जास्त. पंधरा वर्षांखालच्या पोरांना लायसन लागत नाही, ते मला आवडलं. दोरी ओढायला जाणारा मी तिथं विनापरवाना चाललो असतो. लायसनबरोबर एक कार्ड मिळतं. सामन धरून ठेवला की त्याच जागी, त्याच वेळी, कार्डावर तारीख, जागा आणि जात लिहायची. घरी जाऊन लिहितो म्हटलं तर दंड.

एडमंड्सहून मोटारीसकट बोटीत चढलो, पलीकडे किंग्स्टनला उतरलो आणि पुढे 'पॉइंट नो पॉइंट' नावाच्या टोकाला गेलो. तिथं १८७९ सालचं दीपगृह आहे, बुटकं, पांढरं. त्याच्या पुढ्यात गोट्यांची आणि वाळूची पुळण. लोक खांद्याला खांदा लावून गऱ्या फेकत होते. कोणी मध्येच घुसत नाही, कोणाची दोरी गुंतली तर न भांडता सोडवतात. एवढ्या शिस्तीत आमच्याकडे रेशनची रांगसुद्धा नसते.

गरीला काटा ठेवायचा नाही, म्हणजे टोकामागचा उलटा दात घासून टाकायचा. मासा सोडावा लागला तर त्याला इजा कमी व्हावी म्हणून. लहानपणी खाडीत मी तांबोश्या धरायचो त्या गरीचा तोच दात आम्ही मुद्दाम तासून अधिक धारदार करायचो. गुलाबी रंगाचं शिशाचं आमिष बांधलं, फेकत राहिलो. तासाभरानं हाताला ओढ लागली. काय सांगू, चौसष्टाव्या वर्षी मी नऊ वर्षांचा झालो. ओढत आणला. चांदीसारखा, दोन-अडीच किलोचा तरी असेल. मी त्याला उचलायला वाकलो तोच मुलगा ओरडला, "थांबा, वर काढू नका!" त्यानं वाकून पाठीवर बघितलं. सामनच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. सरकारी पैदास केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून मग त्यांना सोडतात. पर नसला तर तो पैदास केंद्रातला. पर असला तर रानटी, नदीत आपणहून जन्मलेला. हा कोहो जातीचा होता आणि पर शाबूत होता. त्या दिवशी त्या जागी रानटी कोहो ठेवायला परवानगी नव्हती. मुलानं पाण्यातच गरी काढली. मासा क्षणभर माझ्या पायाशी थांबला आणि गेला.

हातात आलेला मासा मी जन्मात कधी सोडला नव्हता. कोणी माझ्या ताटातून काढून घेतल्यासारखं वाटलं. मग दुपारपर्यंत दोन पिंक मिळाले, ते चालत होते. कार्डावर लिहिताना माझा हात थरथरत होता. मुलाला वाटलं थंडीनं.

शेजारी एक म्हातारा गोरा होता. माझ्याच वयाचा, फार सज्जन. त्यानं मला गाठ बांधायला शिकवली. पण बोलता बोलता तो कुरकुरला. आपल्याला एवढे नियम, लायसन, कार्ड, आणि तिकडे इंडियन लोकांना राज्याचं लायसन लागत नाही. ते जाळी लावतात. निम्मा मासा त्यांचा. इंडियन म्हटल्यावर मी दचकलो. मुलानं सांगितलं की तो आपल्याविषयी बोलत नाहीये, इथल्या मूळ रहिवाशांविषयी बोलतोय.

निम्मा मासा कोणाचा आणि का? परतताना मी मुलाला तेच विचारत राहिलो. नंतर तीन आठवडे तो रोज संध्याकाळी कामावरून आला की जुन्या खटल्यांचे निकाल वाचून मला मराठीत सांगायचा. मला इंग्रजी वाचता येतं, पण कोर्टाचं इंग्रजी म्हणजे फड्या निवडुंग. एका रविवारी सुक्वामिश जमातीच्या म्युझियमलाही जाऊन आलो. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

आम्ही जिथं गरी टाकत उभे होतो, त्याच टोकावर २६ जानेवारी १८५५ ला तह झाला होता. वॉशिंग्टन तेव्हा राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता, आणि आयझॅक स्टीव्हन्स हा त्याचा गव्हर्नर. त्याला गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी जमीन मोकळी करून हवी होती. महिन्याभरात त्यानं एकामागून एक तह उरकले. डिसेंबर १८५४ मध्ये मेडिसिन क्रीकचा, जानेवारीत पॉइंट एलियटचा, मग पॉइंट नो पॉइंटचा. बोलणी चालायची चिनूक बोलीत. ती व्यापारापुरती बाजारबोली, काहीशे शब्दांची. काहीशे शब्दांत मुलूख लिहून घ्यायचा! पॉइंट नो पॉइंटला पहिल्या दिवशी लोक राजी नव्हते. स्कोकोमिश जमातीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की जमीन देऊन टाकली तर आम्ही खायचं काय? दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. सह्या म्हणजे फुल्या.

जमीन गेली. पण प्रत्येक तहात एक वाक्य राहिलं. आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या सगळ्या जागी मासे धरण्याचा हक्क या लोकांकडे राहील, आणि तो प्रदेशातल्या सगळ्या नागरिकांबरोबर सामाईक असेल. मुलानं इंग्रजी शब्द वाचला आणि मराठी शब्दासाठी अडखळला. मी म्हटलं, अरे, वहिवाट. वहिवाटीच्या जागा. तो म्हणाला, बरोबर. मी पुढे काही बोललो नाही.

पहिली काही वर्षं भांडण झालं नाही, मासा ढीगभर होता. मग डबाबंद सामनचे कारखाने आले. प्युजेट साउंडवरचा पहिला १८७७ साली. मासा म्हणजे पैसा झाला तेव्हा कुंपणं आली. कोलंबिया नदीच्या काठी विनन्स नावाच्या गोऱ्यांनी जमीन घेतली आणि प्रवाहात फिरतं चाक बसवलं. पाण्याच्या जोरानं फिरणारं, मासे आपोआप उचलून टाकणारं. त्या चाकासाठी त्यांच्याकडे राज्याचं रीतसर लायसन होतं. जमीन नावावर होती. मग त्यांनी याकामा जमातीच्या लोकांना त्या वाटेनं नदीवर यायला बंदी केली. आमची जागा, आमचं लायसन, तुम्ही कोण?

प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९०५ साली निकाल लागला, विनन्सच्या विरुद्ध. कोर्ट म्हणालं की तहानं सरकारनं या लोकांना हक्क दिला असं नाही. हक्क त्यांचेच होते. त्यांनी सरकारला दिले ते दिले आणि हा एक स्वतःकडे राखून ठेवला. म्हणून जमीन कोणाच्याही नावावर असो, ती ओलांडून आपल्या मासेमारीच्या जागी जाण्याची वाट त्यांची आहे. आणि लायसन मिळालं म्हणून दुसऱ्याला हाकलायचा अधिकार मिळत नाही.

मुलगा हे वाचत होता तेव्हा बायको चहा गाळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ती कधी कोर्टाच्या गोष्टी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकत होती.

निकाल लागला म्हणजे सगळं झालं असं तिकडेही नसतं. राज्याची पकडापकड चालूच राहिली. १९१६ साली वॉशिंग्टन राज्याच्या वरिष्ठ कोर्टानं मासेमारीच्या खटल्यात टोएस्नूट नावाच्या याकामा माणसाविरुद्ध निकाल दिला आणि निकालात त्याच्या जमातीबद्दल इतकं घाण लिहिलं की २०२० साली त्याच कोर्टाला तो निकाल रद्द करून आपली चूक कबूल करावी लागली. एकशे चार वर्षांनी.

मग लायसनचाच खटला. सॅम्सन टुली नावाच्या याकामा माणसाला लायसनशिवाय जाळ्यानं सामन धरला म्हणून पकडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. माझ्या आज्यापणज्यानं जो हक्क स्वतःकडे ठेवला, तो वापरायला मी तुम्हाला फी का देऊ? १९४२ साली सुप्रीम कोर्टानं त्याचं म्हणणं मानलं. मासा टिकावा म्हणून जरूर ते नियम राज्यानं करावेत, पण तहाच्या माणसाकडून लायसनची फी घेता येणार नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला जे खुपत होतं त्याचं मूळ हे. मी त्याला दोष देत नाही. त्याला कोणी ही गोष्ट सांगितली नसेल.

तीन वर्षांनी, १९४५ साली, निस्क्वाली नदीवर बिली फ्रँक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मासे धरताना पकडला गेला. पुढच्या आयुष्यात त्याला पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. मधल्या काळात तो अमेरिकेच्या मरीन सैन्यात जाऊन आला. ज्या देशाचा गणवेश घातला त्याच देशातल्या पोलिसांनी त्याची जाळी आणि होडी जप्त केली. १९६० नंतर त्यांनी उघडच सत्याग्रह केला, म्हणजे सगळ्यांनी मिळून नदीवर जाऊन जाळी टाकायची आणि अटक करवून घ्यायची. गांधीजींचं मीठ आठवलं मला. १९६४ साली मार्लन ब्रँडो हा नटही त्यांच्याबरोबर पुयालप नदीवर जाळं टाकायला गेला आणि पकडला गेला. १९७० च्या सप्टेंबरात तिथल्या तळावर पोलिसांनी अश्रुधूर सोडून साठेक माणसं धरली, त्यांत बायका-पोरंही होती.

त्याच महिन्यात केंद्र सरकारनं या जमातींच्या वतीनं राज्यावर खटला भरला. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट. १२ फेब्रुवारी १९७४ ला त्यांनी निकाल दिला. सामाईक म्हणजे काय, एवढ्याच शब्दावर सारं होतं. राज्य म्हणत होतं, सामाईक म्हणजे इतर नागरिकांसारखेच तुम्ही, रांगेत उभे राहा, लायसन काढा. बोल्ट म्हणाले, दोन पक्षांनी सामाईक ठेवलं म्हणजे दोघांचे सारखे वाटे. अंडी घालायला लागणारा मासा नदीत सोडून जो धरण्याजोगा उरेल, त्यातला निम्म्यापर्यंत वाटा तहाच्या जमातींचा. आणि मासा सांभाळायचा कारभारही राज्याबरोबर त्यांनीच करायचा. तोवर त्यांच्या हाती वीसातला एक वाटाही येत नव्हता.

गोरे मच्छीमार भडकले. बोल्ट यांचा पुतळा फासावर लटकवला. त्यांचंही पोट होतं, कर्ज काढून बोटी घेतल्या होत्या, हे मी विसरत नाही. आमच्याकडच्या पर्ससीनवाल्याच्याही डोक्यावर बँक असते. शेवटी १९७९ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं बोल्ट यांचा निकाल बहुतांशी कायम केला. आज तहाच्या माणसाकडे राज्याचं लायसन नसतं, पण त्याच्या जमातीचं ओळखपत्र असतं. जमातीचे नियम, जमातीचे अधिकारी, जमातीचं कोर्ट. म्हणजे मोकाट कोणीच नाही.

पण निम्मा वाटा मिळाला तो कशाचा? कोलंबिया नदीवर सेलिलो म्हणून धबधबा होता, याकामा आणि इतर जमातींची हजारो वर्षांची मासे धरण्याची जागा. विनन्सचा खटला त्याच भागातला. १९५७ साली खाली धरण बांधलं आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. वाटेचा हक्क कोर्टाच्या कागदावर तसाच राहिला. बिली फ्रँक तर २०१४ साली वारेपर्यंत नद्यांसाठी भांडत राहिले. मासाच नसेल तर हक्क घेऊन काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

म्युझियमहून परत आलो त्या रात्री मी भावाला फोन लावला. म्हटलं, फाटकाचं कुलूप काढ. तो म्हणाला, किल्ली कुठं आहे? मी म्हटलं, तोड. तो म्हणाला, दादा, तू आल्यावर बघू, पाहुण्यांचं बुकिंग आहे.

ऑक्टोबरात परत आलो. कुलूप गंजून गेलं होतं, हातोडीच्या दोन घावांत पडलं. फाटक काढून गोठ्यामागे ठेवलं. गडग्याचे चिरे हलवले आणि जाळं घेऊन दोन माणसं शेजारून जातील एवढी जागा केली. मग तांडेलाकडे गेलो. तो खाटल्यावर होता, ऐकू कमी येत होतं. वाट उघडी केली म्हणून मोठ्यानं सांगितलं. त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "आता उघडून काय करतलंस? माणसा खय हत?"

खरंच होतं. रापण संघात सात जण उरले होते. पोरं कोणी गोव्याला, कोणी मुंबईला, कोणी पर्यटकांना पाण्यात खेळ दाखवायला. सात जणांनी रापण ओढली जात नाही.

मी तलाठ्याकडे जाऊन वाटेची नोंद कशी करायची ते विचारलं. तो म्हणाला, स्वतःच्या जागेतून दुसऱ्याची वाट लावून घेणारा पहिलाच माणूस बघितला. कागदांची यादी दिली. ते काम अजून चालू आहे.

डिसेंबरात एकदा रापण पडली. सात रापणकर, आम्ही पाच-सहा शेतकरी आणि माझ्या खोल्यांत उतरलेले पुण्याचे आठ पाहुणे. पहाटे त्यांनाच उठवलं, खिडकीखाली बोलणं ऐकून तक्रार करण्याआधी. दीड तास ओढलं. पाहुण्यांच्या हाताला फोड आले. घोळात बरीचशी तारली आली, थोडे बांगडे आणि एक लहानसा रावस. तांडेलाचा मुलगा वाटे घालत होता. रावस त्यानं वेगळा ठेवला, लिलावासाठी. पाहुण्यांतल्या एका लहान मुलीपुढे सहा बांगडे टाकले. तिनं आईकडे बघितलं, पैसे किती द्यायचे म्हणून.

माझ्या पुढ्यातही त्यानं वाटा टाकला. मी पिशवी आणली नव्हती. माडाची झावळी शोधायला लागलो.